वरिष्ठ अधिकाऱ्याचा पगार किती असावा?

(व्याख्यानाचा मजकूर)



मंत्रालयातील सचिवाला किती पगार द्यावा, याची उठाठेव आपण चिखलीत बसून कशाला करावी, असे कुणालाही वाटेल. परंतु हा पगार सरकारी तिजोरीतून जातो आणि ती तिजोरी मजुराने घेतलेल्या काडेपेटीवरील करानेही भरते. शिवाय त्या खुर्चीवर उद्या आपलाच एखादा विद्यार्थी बसावा, अशी आपली इच्छा आहे. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा फार पूर्वी विचार करून ठेवला आहे. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने ठराव केला होता की, खास तज्ज्ञ सोडून कोणत्याही सरकारी नोकराला साधारणपणे दरमहा ५०० रुपयांहून अधिक वेतन नसावे. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि मंत्र्यांचा पगार ५०० रुपये ठरविणारे विधेयक विधानसभेत आले. त्यागाची भाषा लोकांना आवडतेच! परंतु स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते बाबासाहेब त्या भाषेला भुलले नाहीत. ऑगस्ट १९३७ मधील आपल्या भाषणात त्यांनी पगार ठरविण्याच्या चार कसोट्या सांगितल्या : समाजाचे राहणीमान, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता.

ते मंत्र्यांविषयी बोलत होते. पण खातेप्रमुख असलेल्या सचिवालाही याच कसोट्या लावून पाहू.

प्रथम लोकशाही. वरच्या पदाचा पगार फारच कमी ठेवला, तर ज्याच्या घरी शेतीवाडी वा व्यापार आहे, त्यालाच ते पद परवडेल. गरिबाच्या मुलावर आईवडिलांचा, भावंडांच्या शिक्षणाचा भार असतो. तो दारातूनच परत फिरेल. कार्यक्षमतेचेही तसेच. हुशार माणूस खाजगी कंपनीकडे वळेल. शुद्धतेविषयी तर दीघ निकायातील कूटदन्त सुत्तातही सांगितले आहे की, राज्यात शांतता हवी असेल तर राजसेवकांना अन्न व वेतन द्यावे. तेव्हा सचिवाला चांगला पगार असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता राहिले राहणीमान. येथे आकडे पाहावे लागतात. केंद्र सरकारच्या तिसऱ्या वेतन आयोगानंतर सर्वांत खालचे मूळ वेतन १९६ रुपये व सचिवाचे ३,५०० रुपये, म्हणजे सुमारे १८ पट होते. पाचव्या आयोगानंतर २,५५० व २६,०००, म्हणजे साधारण १० पट. अंतर कमी झाले, ही चांगली गोष्ट. परंतु सहाव्यानंतर ७,००० व ८०,००० झाले आणि २०१६ पासून लागू झालेल्या सातव्यानंतर १८,००० व २,२५,०००, म्हणजे साडेबारा पट! महाराष्ट्रात सर्वांत खालची श्रेणी १५,००० पासून सुरू होते. मुख्य सचिवाचे २,२५,००० धरले तर अंतर १५ पट होते.

अंतर पुन्हा का वाढले? सातव्या आयोगाने शिपायाच्या जुन्या मूळ वेतनाला २.५७ ने गुणले आणि सचिवाच्या वेतनाला २.८१ ने. वरच्या पदांची जबाबदारी मोठी, असे कारण दिले गेले. खालचे वेतन मात्र १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेच्या सूत्राने, कुटुंबाचे धान्य, डाळ, कापड मोजून ठरले. खालच्याला पोटाचे माप आणि वरच्याला जबाबदारीचे! गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराची जबाबदारी कोणत्या तराजूत तोलली? आणि कंत्राटी कामगार, मानधनावरील आशा व अंगणवाडी सेविका तर या शिडीच्या पहिल्या पायरीवरही नाहीत.

केंद्राचा आठवा वेतन आयोग २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमण्यात आला. अशा प्रत्येक आयोगापुढे आपल्या संघटनांनी तीन मागण्या ठेवाव्यात, असे मला वाटते. वरच्या व खालच्या वेतनाला एकच गुणक लावावा. अधिकाऱ्याचा बंगला, गाडी व नोकरचाकर यांची किंमत पगारात धरून अंतर मोजावे. आणि सर्वांत खालचा माणूस म्हणून कायम शिपायाला न धरता कंत्राटी कामगाराला धरावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही स्पर्धा परीक्षा द्या, मोठे अधिकारी व्हा, हक्काचा पगार घ्या. त्यात संकोच नको. परंतु वेतनाची फाईल तुमच्या टेबलावर येईल, तेव्हा सहीपूर्वी शेवटच्या पानावरील सर्वांत लहान आकडा आधी वाचा. तो कदाचित तुमच्याच वडिलांचा पगार असेल.