माळावरची उपेक्षित अळंबी : पोडॅक्सिस
(मैंदर्गी, ता. अक्कलकोट येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



अळंबी म्हटले की आपल्यापुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक म्हणजे बाजारात पाकिटातून मिळणारी पांढरी बटन अळंबी आणि दुसरे म्हणजे पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री. ज्यांचे थोडे अधिक वाचन आहे त्यांना हिमालयातील देवदाराच्या रानात सापडणारी महागडी गुच्छीही ऐकून माहीत असते. तेथे थंडी आहे, ओल आहे, सूचिपर्णी झाडांच्या पालापाचोळ्याचा जाड थर आहे. आपल्या भागात यांपैकी काहीच नाही. पाऊस कमी व लहरी, माळाची जमीन हलकी, ऊन कडक. त्यामुळे अळंबी हा आपला विषयच नव्हे, असा बहुतेकांचा समज असतो.

हा समज बरोबर नाही. कोरड्या हवामानासाठीच जणू घडवलेली एक रानटी अळंबी आहे. ती जगभर उष्ण, कोरड्या प्रदेशांत आढळते. भारतात राजस्थानच्या वाळवंटापासून दक्षिणेतील कोरड्या पठारापर्यंत तिची नोंद आहे. शास्त्रीय भाषेत तिला पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस म्हणतात. मराठीत तिला सर्वत्र रूढ असे स्वतंत्र नाव नाही. आपल्याकडे कानडी बोलणारी मंडळी कोणत्याही अळंबीला अणबे म्हणतात, त्यातच हीही येते. जिला नाव नाही तिच्याकडे लक्ष जात नाही, म्हणून आज तिची ओळख करून घेऊ.

ती दिसते कशी?

पाऊस पडून गेल्यावर काही दिवसांनी वाळवीच्या वारुळावर, वारुळाच्या आसपास किंवा पडीक, वाळूमिश्रित जमिनीत ही अळंबी वर येते. साधारण वीतभर उंच, सरळ आणि काठीसारखी. नेहमीच्या अळंबीची टोपी छत्रीसारखी उघडते. हिची टोपी मात्र लांबट, अंड्याच्या आकाराची असून ती देठाभोवती मिटलेलीच राहते. रंग पांढरट किंवा मळकट, त्यावर खवल्यांसारखे पापुद्रे. देठ कडक, जवळजवळ लाकडासारखा, बुडाशी थोडा फुगीर.

हिची खरी खूण आतमध्ये आहे. धारदार सुरीने अळंबी उभी चिरली असता देठ टोपीच्या आतून थेट शेंड्यापर्यंत गेलेला दिसतो. देठ व टोपीचे कातडे यांच्यामध्ये जो गर असतो तो कोवळेपणी पांढरा असतो. पुढे तो पिवळट, मग तपकिरी आणि शेवटी काळसर भुकटी होतो. ही भुकटी म्हणजे बीजाणू, अळंबीचे बी होय. टोपी खालच्या कडेला फाटते आणि वारा हे बी माळावर दूरवर नेतो. वाळलेला देठ पुढे बरेच दिवस तसाच उभा राहतो.

टोपी मिटलेली का, याचे कारण आता आपल्या लक्षात आले असेल. उघडी छत्री कडक उन्हात तासाभरात कोमेजते. मिटलेल्या टोपीत ओल टिकते आणि बी पक्व होण्यास अवधी मिळतो. ज्वारीचे कोवळे कणीस बाहेर पडण्यापूर्वी पोटरीच्या आवरणाखाली सुरक्षित असते, तसाच हा प्रकार समजावा.

जुने नाव, नवे प्रश्न

ही अळंबी शास्त्रज्ञांना अलीकडे सापडली असे नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणारे लिनियस यांनी १७७१ साली, भारतातून गेलेल्या नमुन्यावरून तिचे वर्णन केले. तिच्यातील भुकटी पाहून त्यांनी तिला फुग्यासारख्या भुईफोडांच्या गटात घातले. प्रत्यक्षात ती बटन अळंबीच्या कुळातली आहे. नात्याने बटनाची बहीण, पण माळावर संसार करणारी.

त्यानंतर जगभरातील अशा सर्व अळंब्यांना सरसकट हेच एक नाव देण्याची प्रथा पडली. दक्षिण आफ्रिकेतील नमुन्यांची आनुवंशिक तपासणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत असे दिसून आले की या एका नावाखाली एकाहून अधिक जाती दडलेल्या आहेत. काही वारुळावर वाढतात, काही मोकळ्या जमिनीत. ज्या देशातील नमुन्यावरून मूळ नाव पडले, त्या आपल्या देशातील नमुन्यांना म्हणूनच महत्त्व आहे. माळ नांगरून टाकला, वारूळ खणून काढले, की असा नमुना जागेवरच संपतो.

वारुळाशी नाते

येथे एक घोटाळा दूर करणे जरूर आहे. वारुळावर उगवणारी प्रत्येक अळंबी पोडॅक्सिस नसते. आपल्याकडील काही वाळव्या खरोखर बुरशीची शेती करतात. पालापाचोळा, काड्या आणून त्या वारुळाच्या पोटात एक जाळीदार पोळे तयार करतात व त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवून खातात. पावसाळ्यात याच बुरशीची छत्रीसारखी उघडणारी अळंबी वर येते. तिचा देठ मुळासारखा लांब होत जमिनीत खोलवर, त्या पोळ्यापर्यंत गेलेला असतो. विदर्भात सात्या म्हणून आवडीने खातात ती अळंबी याच गटातील. पोडॅक्सिसला असे लांब मूळ नसते व तिची टोपी छत्रीसारखी पसरत नाही.

उभ्या पिकात वाळवी लागली तर तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु पडीक माळावरील, बांधापासून दूर असलेले वारूळ दिसले की त्यात औषध ओतायचे, ही सवय सोडावी. वाळवी वाळलेले गवत व काड्या कुजवून मातीत मिसळते, जमीन पोकळ करते, पाणी मुरण्यास वाट देते. नागपंचमीला आपण वारुळाची पूजा करतो. उरलेल्या दिवसांतही त्याला राहू द्यावे, यात आपलेच हित आहे.

खावी काय?

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. राजस्थानच्या वाळवंटी भागात ही अळंबी कोवळी असताना खातात, खुंबी या नावाने बाजारातही विकतात. मात्र ती पिढ्यान्पिढ्या ओळखणारे डोळे तेथे आहेत. आपल्याकडे ज्या घरात अशी परंपरागत ओळख नाही, त्यांनी केवळ हे भाषण ऐकून किंवा वाचून ती खाऊ नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे. याची कारणे पुढीलप्रमाणे :

१. कोवळेपणी अनेक अळंब्या सारख्याच पांढऱ्या व मिटलेल्या दिसतात. गवताळ जागेत येणारी क्लोरोफायलम ही विषारी अळंबी प्रथम पांढरीच असते. तिच्या टोपीखालील पातळ कल्ले पुढे हिरवट होतात. ती खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या व जुलाब सुरू होतात.

२. अमानिटा गटातील काही अळंब्या प्राणघातक आहेत. त्यांची लक्षणे सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. मध्ये बरे वाटते व आतून यकृत निकामी होत जाते. शिजवून हे विष जात नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जण दगावले.

३. चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडला तर विषारी, किडे-मुंग्यांनी खाल्ली असेल तर चांगली, हे सर्व ठोकताळे खोटे आहेत. त्यांवर जीव टांगू नये.

४. ज्या वारुळात कीटकनाशक ओतलेले आहे, त्यावरील अळंबी जात कोणतीही असो, खाण्यास अयोग्यच.

रानटी अळंबी खाऊन कोणास त्रास झाल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णास ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, सोबत न्यावी. ज्यांनी ज्यांनी ती खाल्ली त्या सर्वांस तपासून घ्यावे, त्रास नसला तरीही.

अळंबी खाण्याची किंवा विकण्याची ज्यांना इच्छा आहे, त्यांच्यासाठी धिंगरी अळंबीचा मार्ग मोकळा आहे. गव्हाचे काड, सोयाबीनचे भुसकट असा आपल्याकडील माल तिला चालतो. तिचे बियाणे व प्रशिक्षण याबाबत कृषी विज्ञान केंद्र अथवा पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळंबी संशोधन प्रकल्पाकडे चौकशी करावी.

आपण काय करावे?

पोडॅक्सिस दिसली तर लाथेने उडवू नका. जागेवरच तिचा फोटो काढा. आसपास तीन-चार असतील तर एक मुळापासून अलगद काढा, उभी चिरा, चिरलेल्या बाजूचाही फोटो घ्या. तारीख, पाऊस कधी पडला, जमीन कशी, वारूळ जवळ आहे की नाही, हे वहीत लिहा. नमुना सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो सडतो. नमुना हाताळल्यावर हात स्वच्छ धुवा आणि लहान मुलांना त्यापासून दूर ठेवा. हे पाकीट जवळच्या कृषी महाविद्यालयातील वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे द्या.

या कामातून लगेच पैसा मिळणार नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. पण गुराख्याला, शेळ्या राखणाऱ्या मुलाला जे माळावर रोज दिसते, ते प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला दिसत नाही. आपल्या माळाला आपण पडीक म्हणतो खरे, तरी तो रिकामा नाही. तेथे काय उगवते हे आधी आपण ओळखू या. मग काय राखायचे आणि काय टाळायचे, हे आपल्याला नेमके ठरवता येईल.