आपल्या चित्राचा फोटो आपणच काढावा



डहाणूकडची वारली चित्रे तुम्हाला ठाऊक असतील. गेरूने सारवलेली भिंत आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. लग्नात सवाशिणी चौक काढतात, तो असाच. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता पाहा. भिंतीवरचे चित्र पुढच्या सारवणात जाते. कागदावरचे गिऱ्हाईक घेऊन जाते. काढणाऱ्यापाशी काय उरते? दुसरे गिऱ्हाईक म्हणते, "आधीची कामे दाखवा बघू." दाखवायचे काय? उद्या कोणी नक्कल करून विकली, तर "हे माझे" म्हणायला पुरावा कुठला?

म्हणून आम्ही सांगतो, चित्र घराबाहेर जाण्याआधी त्याचा फोटो काढावा. साधा कॅमेऱ्याचा मोबाईल पुरतो. रीत मात्र शिकावी लागते.

आधी मोबाईलची काच मऊ फडक्याने पुसा. चित्र उन्हात ठेवू नका. ओटीवर, सावलीत, सगळीकडे सारखा उजेड असेल तिथे ठेवा. मोबाईलचा दिवा लावू नका. मध्येच पांढरा डाग पडतो. चित्राला काच बसवायची असेल, तर फोटो आधीच काढा.

मोबाईल चित्राच्या बरोबर मध्यासमोर धरा. चित्र भिंतीला कलते टेकवले असेल, तर मोबाईलही तितकाच कलता धरा. नाहीतर चौकोन एका बाजूला निमुळता दिसतो. फार जवळ जाऊ नका, कडा फुगतात. दोन पावले मागे या, हात स्थिर ठेवा.

आणखी एक गंमत आहे. गेरूचा गडद रंग दिसला की मोबाईल आपणहून उजेड वाढवतो. मग गेरू फिका पडतो, पांढऱ्या रेघा फुटतात. बऱ्याच मोबाईलांत पडद्यावर बोट टेकले की सूर्याची खूण येते. ती खाली ओढा. रंग मूळ चित्रासारखा दिसला की थांबा.

एक फोटो पुऱ्या चित्राचा, एक जवळून बारीक कामाचा काढा. दोन्हींची एक प्रत दुसरीकडेही ठेवा. मोबाईल हरवतो, बिघडतो.

आता शेवटचे काम, आणि ते तुम्हाला आता येते. वही घ्या. चित्राचे नाव, आपले नाव, गाव, तारीख, लांबी-रुंदी लिहा. गोधडी शिवणाऱ्या बायांनीही असेच करावे.

चित्र कसे होते, ते फोटो सांगेल. ते कोणाचे, हे तुमचे अक्षर सांगेल.