भरतीबरोबर परतणारा कचरा



मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याची एके काळी कचऱ्याचा किनारा अशीच ख्याती होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथेच राहणारे तरुण वकील अफरोज शाह यांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्यांच्या सोबतीने तो कचरा उचलण्यास प्रारंभ केला. हळूहळू शनिवार-रविवारी माणसे जमू लागली. त्यांत कोळी बांधव होते, नोकरदार होते आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही होते. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने शाह यांचा गौरव केला.

हे काम दुरून दिसते तितके सोपे नाही. पिशवी वाळूवर क्वचितच पडलेली असते. बहुधा ती वाळूत गाडली गेलेली असते. एकाने फावड्याने वाळू सैल करावी, दोघांनी ओढावे, तेव्हा कुठे ती चिंध्या होऊन बाहेर येते. शाम्पूच्या आणि गुटख्याच्या रिकाम्या पुड्या वाकून वाकून वेचाव्या लागतात. त्यांना भंगारवालाही हात लावत नाही! थर्मोकोलचे दाणे तर चिमटीत येईपर्यंत वाऱ्याने उडून जातात. गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गिरगाव, दादर, जुहू येथे हेच विद्यार्थी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या भग्न मूर्तींचे अवशेष गोळा करताना दिसतात. त्या प्रसंगी अनेकांची वाणी मूक होते.

या श्रमांचे फळ वर्सोव्याने पाहिले. २२ मार्च २०१८ रोजी ऑलिव्ह रिडले कासवांची सुमारे ऐंशी पिल्ले त्या वाळूतून समुद्राकडे निघाली. भटकी कुत्री जवळ येऊ नयेत म्हणून स्वयंसेवकांनी पहारा दिला.

मात्र दर पावसाळ्यात मोठी भरती येते आणि स्वच्छ झालेल्या वाळूवर कचऱ्याचा नवा पट्टा पसरतो. प्रथमच आलेला विद्यार्थी तो पाहून खचतो, आणि त्याचे खचणे स्वाभाविक आहे. गोणी भरली, छायाचित्र निघाले, प्रमाणपत्र मिळाले, एवढ्यावर ज्याची सेवा आटोपते, त्याला हा पट्टा पुन्हा पाहावा लागत नाही. जो परत येतो, त्यालाच प्रश्न पडतो की हे सारे येते कोठून. समुद्र कचरा निर्माण करीत नाही. वर्सोव्याच्या उत्तरेस मालाडची खाडी सागरास मिळते. शहरातील नाल्यांचे पाणी, आणि त्यासोबत घराघरांतून फेकलेले प्लास्टिक, त्या वाटेने येते. शाह यांनीही पुढे मिठी नदीच्या स्वच्छतेचे काम हाती घेतले, ते याच कारणाने.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी, अशी अपेक्षा असते. त्यांतील काही तास किनाऱ्याला अवश्य द्यावेत. पण त्याहून अधिक तास नाल्याकाठच्या सोसायट्यांत आणि चाळींत जावेत. ओला व सुका कचरा वेगळा ठेवला जातो का, घंटागाडी कोणत्या गल्लीपर्यंत पोहोचते आणि कोठून मागे फिरते, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावी आणि ती महापालिकेच्या विभाग कार्यालयात नेऊन द्यावी. या कामाचे छायाचित्र कोणी काढणार नाही.