पगारी रजेचा भार कोणी उचलायचा?





जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे. म्हणून या विश्रांतीचा भार बऱ्याच अंशी सरकारने सोसला पाहिजे. १९२९ मध्ये कायदा झाला, देशातला पहिला. भार मात्र मालकावर टाकला गेला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो तिथून हलवलेला नाही.

२०१७ मध्ये प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. आपण स्वागत केले, ते योग्यच होते. पण कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरच्या बाईचा हा सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा. त्यामुळे मुलाखतीतच ‘लग्न कधी करणार?’ असे विचारले जाते. रजेच्या काळात कामावरून काढायला कायद्याची बंदी आहे; मुळात कामावर घेतलेच नाही, तर दाद कुठे मागायची?

उपाय आपल्याच घरात आहे. याच कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. त्यातून बाळंतपणात पूर्ण पगार आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. कोणा एकीचे बाळंतपण कोणा एका मालकाला जड जात नाही. मात्र २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,००० रुपयांवर अडली आहे. किरकोळ पगारवाढ झाली की कामगार योजनेबाहेर. मग दुकानात नोकरी असेल, तर हाताशी उरतात वर्षाच्या ८ किरकोळ रजा आणि साठली असेल तेवढी अर्जित रजा.

हे झाले स्वतःच्या आजाराचे. आईचे डायलिसिस, बायकोची केमो, यासाठी खासगी नोकरीत पगारी रजा देणारा केंद्रीय कायदाच नाही. बाप झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. कारखान्यातल्या फिटरला कायद्याने एकही नाही.

आणि ऊसतोड? बीडचे जोडपे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेते आणि दोघे मिळून एक कोयता धरले जातात. बाई तापाने फणफणली आणि फडात गेली नाही, तर खाडा लागतो. मजुरी बुडते, वर दंड उचलीत चढतो. खाडे पडू नयेत म्हणून बायका गर्भाशय काढून घेतात, अशा तक्रारी आल्या आणि २०१९ मध्ये सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. जिथे रजेला दंड आहे, तिथे पगारी रजेची गोष्ट कोणी काढायची?

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. प्रसूती रजेचा पगार सामायिक निधीतून द्या आणि त्यात सरकारने वाटा घालावा. विम्याची पगारमर्यादा महागाईशी जोडा. बापाला आणि घरच्यांच्या आजारपणासाठी पगारी रजा कायद्यात आणा. खाडा बेकायदा ठरवा आणि साखर कारखान्यांकडून टनामागे वसूल होणाऱ्या कल्याण निधीतून तोडणी कामगारांना आजारपणाचा भत्ता द्या.

उद्या या परिषदेत या मागण्यांचे ठराव मंजूर होतील. पण पुराव्याशिवाय ठराव फायलीत जाऊन बसतो. येत्या गळीत हंगामात प्रत्येक संघटनेने आपापल्या तालुक्यातल्या खाड्यांच्या लेखी नोंदी गोळा कराव्यात, एवढी माझी विनंती आहे.