रबराची एक रिंग

प्रेशर कुकरची रिंग बसवायची राहिली की काय होतं, हे ज्यांनी एकदा तरी स्वयंपाक केला आहे त्यांना सांगायला नको. शिट्टी होत नाही, कडेनं वाफ आणि पाणी फसफसत बाहेर येतं. गॅस बंद करायचा, झाकण काढायचं, रिंग घालून पुन्हा चढवायचा. फार तर भाताला उशीर होतो. मंडळी, आज सांगायची आहे ती गोष्ट अशाच रिंगची आहे. फक्त ती रिंग होती विमानाच्या इंजिनाची, आणि विमान होतं समुद्रावर.

५ मे १९८३ची सकाळ. अमेरिकेतल्या ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं ट्रायस्टार विमान मायामीहून बहामातल्या नासाऊकडे निघालं. आत १६२ प्रवासी आणि १० कर्मचारी. नासाऊ जवळ आलं, विमान खाली उतरू लागलं आणि मधल्या इंजिनाच्या तेलाचा दाब घसरल्याचा दिवा लागला. कॅप्टननं ते इंजिन बंद केलं आणि मायामीला परतायचं ठरवलं. दोन इंजिनं होतीच. पण वाटेत त्या दोन्हींच्या तेलाचे दिवेही लागले. वैमानिकांना वाटलं, काटेच बिघडलेत. तिन्ही इंजिनांतलं तेल एकाच सकाळी कसं संपेल? त्यांचा तर्क अगदी बरोबर होता, आणि काटेही बरोबर होते.

आधी एक इंजिन बंद पडलं, पाच मिनिटांनी दुसरं. सुमारे १३,००० फुटांवरून विमान नुसतं घसरत खाली येऊ लागलं. प्रवाशांनी लाइफ जॅकेट घातली, पाण्यात उतरायची तयारी झाली. सुमारे ४,००० फुटांवर, आधी बंद केलेलं मधलं इंजिन कसंबसं पुन्हा सुरू झालं आणि त्या एकावर विमान मायामीला टेकलं. कुणाला इजा झाली नाही.

झालं होतं काय? जेट इंजिनाच्या तेलात एक लोहचुंबकाचा खुंटा बसवतात. आत कुठं झीज होत असेल तर लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. खुंटा काढून पाहिला की इंजिनाची प्रकृती कळते. आदल्या रात्री मेकॅनिकांनी तिन्ही इंजिनांचे जुने खुंटे काढून दुसरे बसवले. खुंट्याभोवती रबराच्या रिंगा असतात, त्या तेल अडवतात. त्या रिंगा एकाही खुंट्याला नव्हत्या. ज्या वस्तूनं इंजिनाचं रक्षण करायचं, तिच्याच भोकातून तेल वाहून गेलं.

आता कुणी म्हणेल, निष्काळजी माणसं! मला ते इतकं सरळ वाटत नाही. एरवी त्यांना मुकादमाच्या खोलीतून रिंगा चढवलेले तयार खुंटे मिळत. त्या रात्री तिथं एकही शिल्लक नव्हता, म्हणून गोदामातून आणले. सोबत 'वापरण्यास योग्य' अशी चिठ्ठी होती. माणसं चिठ्ठीवर विश्वास ठेवून मोकळी झाली. तेल गळतंय का हे पाहायला इंजिन सुमारे दहा सेकंद नुसतं फिरवलं. तेवढ्यात थेंबही दिसला नाही. कामाच्या कार्डावर 'नव्या रिंगांसह बसवा' असं छापलेलं होतं आणि त्याखाली सह्याही झाल्या. छापील ओळ रोज डोळ्यांखालून गेली की ती दिसेनाशी होते. मुद्रितं तपासणाऱ्या कुणालाही विचारा.

पण चौकशीत निघालेली खरी गोष्ट पुढंच आहे. त्या कंपनीत या खुंट्यांचे आणि रिंगांचे घोटाळे आधीही झाले होते, त्यापायी इंजिनं हवेत बंद करावी लागली होती. दर वेळी 'अमक्याची चूक' म्हणून फाइल मिटली. म्हणून चौकशी मंडळानं मेकॅनिकांबरोबर देखरेख करणाऱ्यांना आणि व्यवस्थापनालाही जबाबदार धरलं, सरकारी निरीक्षकांनाही बोल लावला. हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं बहुतेक चौकशा पहिल्या पायरीवरच्या माणसाला निलंबित करून थांबतात.

बारा वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९९५ला, इंग्लंडमध्ये जवळजवळ तेच घडलं. ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७ लान्सारोते बेटाकडं निघालं होतं. रात्री त्याच्या दोन्ही इंजिनांची आतून तपासणी झाली होती. एकानं सुरू केलेलं काम तोंडी सांगून दुसऱ्याकडं गेलं. त्या दुसऱ्याला मध्येच इतर कामांसाठी उठावं लागत होतं. तपासणीसाठी काढलेली झाकणं दोन्ही इंजिनांवर परत बसलीच नाहीत. शेवटी इंजिन चालवून पाहायचं, तेही राहिलं. दोन्हीकडचं तेल गळालं. विमान ल्यूटनला उतरवता आलं म्हणून बरं.

एक इंजिन बिघडलं तर दुसरं आहे, या हिशेबावर आपण समुद्र ओलांडतो. पण दोन्ही इंजिनं एकाच रात्री, त्याच घाईत, त्याच सवयीच्या हातांनी उघडली गेली, तर आकाशात ती दोन राहत नाहीत. म्हणूनच समुद्रावरून लांब जाणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानांसाठी आता पद्धत ठरली आहे. एका इंजिनाचं काम केलेल्या हातांनी त्याच खेपेला दुसऱ्यावर तेच काम शक्यतो करायचं नाही, आणि करावंच लागलं तर तपासायला दुसरा माणूस हवा.