पुढच्या जन्माचं राहू द्या

तुरीची सवंगणी, कापसाची वेचणी अर्ध्यावर टाकून इथं येऊन बसलेल्या राजूरच्या आयाबहिणींनो आणि कास्तकार बंधूंनो,

संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलावं अशी रीत आहे. मी समजुतींवर बोलणार आहे, कारण राजूरला उभं राहून दुसरं काही बोलायला माझं मन धजत नाही.

11 जानेवारी 2019 हा दिवस आठवा. यवतमाळला 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. 1973 साली गदिमा अध्यक्ष असताना संमेलन यवतमाळला आलं होतं, त्यानंतर तब्बल 46 वर्षांनी. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं होतं आणि साऱ्या महाराष्ट्रात त्यावर वादळ उठलं होतं. त्या वादळात उद्घाटनाला उभी राहिली ती याच राजूरची वैशाली येडे. नवऱ्याने 2011 साली आत्महत्या केली, पदरात दोन लेकरं. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात ती काम करत होती. त्या नाटकात शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायाच रंगमंचावर येऊन बोलतात.

तिच्या त्या दिवशीच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुढच्या जन्मी तरी धनवंताच्या घरी यावं म्हणून नवरा निघून गेला असेल, पण आपला पुढच्या जन्मावर विश्वास नाही, आपल्याला याच जन्मात जगायचं आहे, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. मोठमोठ्या ग्रंथांनी जी गाठ सोडवली नाही ती या बाईने उभ्या उभ्या सोडली. एकाच घरात, एकाच कर्जाखाली दोन माणसं. एकाला वाटलं, हा जन्म संपला. दुसरीला वाटलं, हाच एक आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते. समजूत बदलली म्हणजे कर्ज फिटतं, असं मी म्हणत नाही. दुबार पेरणी खरी असते, बोंडअळी खरी असते, कापसाचा पडलेला भाव आणि दारात उभा असलेला सावकारही खरा असतो. मन खंबीर ठेवा असा उपदेश कास्तकाराला करून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. पण कर्ज आणि दोर यांच्यामध्ये एक वाक्य असतं. 'कर्ज फेडता येत नाही' इथवर हिशेब असतो. 'म्हणून मी नालायक, गावात तोंड दाखवायच्या लायकीचा नाही' हे त्या हिशेबात कुठंच नसतं. ते आपण घातलेलं असतं, आणि गावानेही.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच वाक्य शोधायला शिकवलं. घटना माणसाला जितकी पाडते त्याहून जास्त त्या घटनेविषयीची हट्टी समजूत पाडते, हे त्याच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं सूत्र. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती पद्धत मराठीत आणली. पण आपल्या वऱ्हाडाला ही विद्या अगदीच परकी नव्हती. शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत. उत्तर समोरच्या माणसांकडून वदवून घेत. नवसाला बकरं कापणाऱ्यालाही ते प्रश्नच विचारत. स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर माणसाला सहजासहजी नाकारता येत नाही.

तरीही माझा अनुभव असा आहे की नुसत्या प्रश्नोत्तरांनी समजूत मरत नाही. ती डोक्यात असते त्यापेक्षा जास्त हातात असते. माझ्याच घरचं सांगते.

माझी काकू तिशीच्या आत विधवा झाली. मला लहानाचं मोठं तिनेच केलं. मी शिकले, शिक्षिका झाले, वर्गात विज्ञान शिकवलं. माझ्या थोरल्या मुलीच्या हळदीच्या दिवशी मी काकूला मांडवात बोलावलं नाही. ती चुलीपाशी पुऱ्या लाटत होती आणि मी तिला तिथंच राहू दिलं. मला कोणी अडवलं नव्हतं. माझा हातच पुढे झाला नाही. त्या रात्री वावधान सुटलं आणि अर्धा मांडव उडाला. सगळी धावपळ झाली. हळद लावणाऱ्या पाचही सवाष्णी होत्या, पण त्यांच्यापैकी कोणाच्या पायगुणाने मांडव उडाला असं एकाही तोंडातून निघालं नाही. त्या रात्री मला कळलं की काकू मांडवात असती तर सकाळपर्यंत अख्ख्या गावाने तिचंच नाव घेतलं असतं. खोटी समजूत अशी जगते. तिच्या बाजूचा पुरावा मोजला जातो, विरुद्धचा वाऱ्यावर सोडला जातो.

धाकटीच्या लग्नात मी काकूकडे हळदीची वाटी घेऊन गेले. ती म्हणाली, "मले नोको लावाले सांगू बाई. पोरीचं काई वाईट झालं त मी कोणाले तोंड दाखवू?" ज्या समजुतीने तिला चाळीस वर्षं चुलीपाशी बसवलं, तिचा पहारा तीच करत होती. मी वाद घातला नाही. धाकटीच पाटावरून उठली, काकूच्या पुढ्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "आजी, तू लावल्याशिवाय मी उठत नाही." काकूचा हात थरथरत होता. तिने लावली. पुढच्या वर्षी भावकीतल्या दुसऱ्या लग्नात ती न सांगता पुढे आली. माझ्या सगळ्या शिक्षणाने जे झालं नाही ते एका बोटभर हळदीने झालं.

म्हणून मी म्हणते, समजूत बदलायची तर ती ज्या कृतीवर उभी आहे तिला हात घालावा लागतो. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं तिथं ठरलं. शास्त्रार्थ करणारे करत राहिले. यांनी वस्तरा खाली ठेवला. 4 मे 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात 17 तारखेला राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रक कपाटात राहू शकतं. ठराव गावाचा असतो. एकट्या बाईला जे जमत नाही ते चारजणी बरोबर असल्या की जमतं, आणि मग तिला कळतं की आभाळ कोसळत नाही.

आता माझ्या लिहिणाऱ्या मित्रांशी. विधवा अपशकुनी ही समजूत आपल्या भाषेत मुक्कामाला आहे. पांढऱ्या पायाची, कपाळ फुटलेली, नवऱ्याला खाल्लेली. हे शब्द आपण पात्रांच्या तोंडी घालतो आणि खरी ग्रामीण भाषा लिहिली म्हणून समाधान मानतो. पात्र बोलेल तसं जरूर लिहा, पण ते ऐकणारी बाईही त्याच पानावर असू द्या, तिला काय वाटलं तेही लिहा. चळवळीतल्या बायांनी 'एकल महिला' हा शब्द रुजवला. बाईची ओळख मेलेल्या नवऱ्यावरून सांगायची नाही, एवढं काम त्या एका शब्दाने केलं. कादंबरीला जमलं नाही ते काम होतं हे.

संक्रांत तोंडावर आली आहे. रथसप्तमीपर्यंत गावोगाव हळदीकुंकू होईल. राजूरच्या भगिनींनो, या वर्षी पहिलं बोलावणं त्या घरी पाठवा जिथं आजवर कधी गेलं नाही. तिला तिळगूळ द्या, वाण द्या, कुंकू लावू का म्हणून विचारा, आणि ती नको म्हणाली तर तिच्याशेजारी बसा. सरपंच इथं आहेत, त्यांना माझी विनंती आहे की 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव विषयपत्रिकेवर घ्यावा. तो मांडायला मी येईन.