आकड्याआधी तारीख बघा: अँटीबॉडी आणि कोविडची तीव्रता

आजचा विषय जुना वाटेल, पण त्यातला प्रश्न अजून बऱ्याच घरांत शिल्लक आहे. कोविडच्या काळात आपल्यापैकी अनेकांनी अँटीबॉडी टेस्ट करून घेतली. रिपोर्ट आला की घरच्या ग्रुपवर आकड्यांची तुलना सुरू. ज्याचा आकडा मोठा तो निर्धास्त, ज्याचा छोटा त्याच्या पोटात गोळा. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद पडला की लॉग वाचायचे, हे माझं रोजचं काम. तिथे एक सवय लागते: काय घडलं, याच्या आधी केव्हा घडलं ते बघायचं. आज तीच सवय अँटीबॉडीला लावून बघू.

अँटीबॉडी म्हणजे प्रतिपिंड. आपल्या बी पेशींपासून तयार होणारी ही प्रथिनं. कोरोनाचा विषाणू त्याच्या स्पाइक प्रोटीननं आपल्या पेशीवरच्या एसीई-२ रिसेप्टरला चिकटतो आणि आत शिरतो. काही अँटीबॉडी विषाणूवर अशा बसतात की त्याला आत शिरताच येत नाही. त्यांना न्यूट्रलायझिंग अँटीबॉडी म्हणतात. बाकीच्या विषाणूला चिकटतात खऱ्या, पण त्याला अडवतीलच असं नाही. नेहमीच्या लॅब टेस्टला हा फरक सहसा कळत नाही.

आता कोडं बघा. अँटीबॉडी जर आपल्या बाजूच्या, तर ज्यांच्याकडे त्या जास्त त्यांचा आजार सौम्य असायला हवा ना? पण २०२० पासून वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत उलटंच दिसत गेलं. जे गंभीर आजारी झाले, त्यांच्याच रक्तात नंतर अँटीबॉडी सरासरीनं जास्त सापडल्या. ज्यांना नुसती कणकण आली, त्यांच्यात कमी.

मग अँटीबॉडीमुळेच आजार वाढला का? थांबा. गावात जिथे मोठी आग लागते तिथे बंबही जास्त येतात. म्हणून आग बंबांनी लावली असं आपण म्हणत नाही. शरीरात विषाणू जास्त, जास्त दिवस टिकलेला, म्हणून अँटीबॉडीही जास्त. बरा झाल्यानंतरचा मोठा आकडा बऱ्याचदा एवढंच सांगतो, की लढाई मोठी झाली.

खरा प्रश्न आहे बंब कधी पोचला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमका याच्यावर होता. लक्षणं सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत ज्यांच्यात न्यूट्रलायझिंग अँटीबॉडी तयार झाल्या, ते बरे होण्याकडे झुकले. ज्यांच्यात त्या उशिरा आल्या, त्यांना पुढे त्यांचा फायदा झालेला दिसला नाही, मग पातळी कितीही वाढो.

ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलनं आणखी एक चांगली गोष्ट केली. रुग्ण दाखल होताना त्याच्या स्वतःच्या अँटीबॉडी आहेत की नाहीत, हे तपासलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये, ज्यांच्या अँटीबॉडी तयार झालेल्या होत्या त्यांच्यातले २८ दिवसांत सुमारे १५ टक्के दगावले. ज्यांच्या नव्हत्या त्यांच्यातले ३० टक्के. म्हणजे दुप्पट. या दुसऱ्या गटाला प्रयोगशाळेत बनवलेल्या मोनोक्लोनल अँटीबॉडी दिल्यावर ३० चे २४ टक्के झाले. पहिल्या गटाला मात्र त्याच औषधाचा फायदा दिसला नाही.

आणि सगळ्याच अँटीबॉडी आपल्या बाजूच्या नसतात. विषाणू शिरल्यावर शरीर अगदी सुरुवातीला धोक्याची घंटा वाजवतं, ती इंटरफेरॉन नावाच्या प्रथिनांनी. २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात या इंटरफेरॉनलाच निकामी करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणं नसलेल्या ६६३ जणांत मात्र एकाकडेही नाही. म्हणजे घंटेची वायर आधीच कापलेली होती.

हे सगळं मी का वाचत बसलो ते सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये माझे काका गेले. शेवटच्या चार दिवसांत आम्ही सगळी भावंडं फोनवर होतो. प्लाझ्मा डोनर हवा, अमुक रक्तगट, मेसेज फॉरवर्ड करा. डोनर मिळाला नाही. काकू अजून अधूनमधून विचारतात, "तेव्हा प्लाझ्मा मिळाला असता तर राहिले असते का रे ते?"

एका माणसाबद्दल खात्रीचं उत्तर कुठलाच अभ्यास देत नाही. पण आयसीएमआरची प्लॅसिड ट्रायल आपल्याकडच्याच ३९ रुग्णालयांत, ४६४ रुग्णांवर झाली होती, तीही २०२० मध्ये. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्के रुग्णांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले, न मिळालेल्यांपैकी १८ टक्के. फरक नाहीच. त्यातल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात स्वतःच्या अँटीबॉडी आधीच होत्या. ऑक्सिजन लागण्याच्या टप्प्यावर फुफ्फुसांचं बरंचसं नुकसान शरीराच्या स्वतःच्याच भडकलेल्या प्रतिक्रियेनं होतं. म्हणून त्या टप्प्यावर जीव वाचवणारं औषध ठरलं डेक्सामेथासोन, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं स्टेरॉइड. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा सरकारी उपचार-सूचनांतून काढलाही गेला. काकूंना मी हेच सांगितलं, की जे मिळालं नाही त्यानं वाचले असते असा पुरावा नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पण हे वाक्य कुणीतरी तेव्हाच त्यांना सांगायला हवं होतं, असं मला वाटतं. तुमच्याही घरात कुणी हे ओझं वागवत असेल, तर त्यांना हा भाग जरूर ऐकवा.

मग आकडा अगदीच निरुपयोगी का? नाही. लशींच्या चाचण्यांत, मोठ्या गटात बघितलं, तर न्यूट्रलायझिंग अँटीबॉडी जास्त तितकं संरक्षण जास्त असं दिसलंय. कारण तिथे अँटीबॉडी विषाणूच्या आधी हजर असतात. पुन्हा तारखेचाच मुद्दा. काही महिन्यांनी आकडा उतरतो, तेही स्वाभाविक आहे. स्मृती राखणाऱ्या बी पेशी आणि टी पेशी मागे उरतात, आणि त्या या रिपोर्टमध्ये दिसत नाहीत.

तेव्हा जुनी फाइल उघडलीत, तर आकड्यावरून घाबरू नका आणि फुशारूनही जाऊ नका. औषध किंवा लस याचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.